10 मैल वाळू आणि एक गोमाशी

मंगळवार, रात्री साडेदहा

पाय सुजलाय, तरी आत्ताच लिहून टाकते, उद्या कंटाळा येईल. आज आईला इथल्या न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरच्या आयलंड बीच स्टेट पार्कला नेलं. वीकेंडला पार्किंग भरलं की गेट बंद करतात म्हणून मुद्दाम रजा टाकून मधल्या वारी गेलो. एडिसनहून पार्कवे हायवे, 82 नंबरचं एक्झिट, पूल ओलांडला की सीसाइड गावाची गर्दी, पाळणे, पिझ्झाची दुकानं, आणि पार्कच्या गेटातून आत शिरलं की एकदम काहीच नाही. वाळूची टेकाडं, त्यावर गवत, असं जवळजवळ 10 मैल. आई गुहागरची, समुद्राचं तिला काय कौतुक, पण गाडीतूनच म्हणाली, "अगं, इथे घरं कशी नाहीत? एवढी मोक्याची जागा, कोणी बांधलं नाही?"

बांधणार होता ना एक जण. हेन्री फिप्स, अँड्र्यू कार्नेगीचा पार्टनर, पोलादातला पैसा. त्याने 1926 ला ही जागा घेतली, श्रीमंतांसाठी रिसॉर्ट काढायचं होतं, तीन बंगले झाले आणि 1929 ला शेअर बाजार कोसळला, 1930 ला तो स्वतःच गेला. बाकी सगळं कागदावरच. 1953 ला राज्य सरकारने विकत घेतली आणि 1959 ला लोकांना खुली केली. मध्ये 1945 ला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या लॅबवाल्यांनी अमेरिकन नौदलासाठी इथे रॅमजेट इंजिनाच्या चाचण्या घेतल्या होत्या, हे मी सांगायला आणि नवरा ब्रह्मोसवर घसरायला एकच गाठ, त्यातही रॅमजेटच असतं म्हणे, पुढचा अर्धा तास तेच.

आईला मात्र बंगल्यांमध्ये इंटरेस्ट. त्यातला एक आता न्यू जर्सीच्या गव्हर्नरचा उन्हाळी बंगला आहे. 2017 ला बजेटच्या भांडणात सरकार बंद पडलं, 4 जुलैच्या लाँग वीकेंडला स्टेट पार्कं बंद, आणि तेव्हाचे गव्हर्नर क्रिस क्रिस्टी सहकुटुंब याच रिकाम्या किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसलेले! पेपरवाल्यांनी विमानातून फोटो काढला. आई एवढी हसली. "म्हणजे पुढारी सगळीकडे सारखेच."

पाणी गारठलेलं, लाइफगार्ड असतो तेवढ्याच पट्ट्यात पोहायचं, मी गुडघ्यापर्यंत जाऊन परत. पुढे लोक परमिट काढून, टायरमधली हवा कमी करून ट्रक थेट वाळूत घालतात आणि लांबलचक गळ टाकून बसतात. तिथल्या एका आजोबांना मासा लागला, चपटा, दोन्ही डोळे एकाच बाजूला. आई उठून धावलीच. "लेप! अगं लेपच हा!" इथे त्याला फ्लूक म्हणतात. आजोबांनी तो पट्टीवर ठेवला, 16 इंचांना थोडा कमी भरला, नियमात बसत नाही, दिला सोडून पाण्यात. आईचा चेहरा बघण्यासारखा होता, हातातोंडाशी आलेला मासा कोणी सोडतं का, आणि तोही लेप, रव्यात घोळवून काय झाला असता! परतीच्या वाटेवर मध्येच आठवून पुन्हा दोनदा बोलली.

चारनंतर वारा फिरला. आई म्हणाली, "मतलई सुटला." बरोबरच, इथे समुद्र पूर्वेला, म्हणजे पश्चिमेचा वारा जमिनीकडून येणार, आणि येताना खाडीकडच्या दलदलीतल्या हिरव्या डोळ्यांच्या गोमाश्या घेऊन येतो. मला कोणीच सांगितलं नव्हतं. माशी कसली, चिमटाच, कातडी कापून रक्त पिते. दहा मिनिटांत सगळा बीच आवरता झाला, आम्ही पण पळालो, छत्री अर्धी उघडीच डिकीत कोंबली.

आईने तसल्या घाईतही एकदा मागे वळून बघितलं आणि म्हणाली सूर्य कुठाय, तो डोक्यामागे पश्चिमेला, बार्नेगॅट बे खाडीवर होता, तिला सवयीने समुद्रात हवा होता.

आता माझ्या घोट्यावर, माशी चावली तिथे, आईने आमसूल चोळून दिलंय, पित्तावर चालतं तर यावर का नाही म्हणे. खाज थांबलेली नाही, पायाला सोलकढीचा वास येतोय.