ज्युनियरचं एक सेशन उघडं होतं म्हणून वाचलो

फेब्रुवारी, द्राक्षाचा सीझन ऐन भरात. पिंपळगाव बसवंतला एका पॅकहाऊसमध्ये आम्ही सांभाळतो तो उबुंटू २४.०४ (लिनक्सचा एक प्रकार) चा सर्व्हर आहे, पेट्यांची वजनं, लेबलं, गाड्यांचा डिस्पॅच सगळं त्याच्यावर. त्याचा लॉग, म्हणजे नोंदी, बघितला तर ‘कनेक्शन क्लोज्ड बाय ऑथेंटिकेटिंग युजर रूट’ च्या (रूट म्हणजे सर्व्हरचं मुख्य खातं) ओळीच ओळी, दर दोन-चार सेकंदाला कुठून तरी कोणीतरी दार ठोठावतंय. पासवर्ड लॉगिन आम्ही आधीच बंद करून की-फाईलवर (पासवर्डऐवजी डिजिटल किल्ली) नेलेलं, त्यामुळे आत कोणी येणार नव्हतं, पण त्या कचऱ्यात कामाची ओळ सापडायची नाही. म्हणून ठरवलं, एसएसएचचा (लांबून सर्व्हरवर लॉगिन व्हायची सोय) पोर्ट, म्हणजे तिच्या दाराचा नंबर, २२ वरून ५४२२ करायचा.

नाशिकला सातपूरच्या ऑफिसात ज्युनियर पोरगा पण त्याच सर्व्हरवर लॉगिन होता. त्याने विचारलं, दादा पण मुळात २२च का? त्याला फोनवर सांगितलं की १९९५ ला टाटू युलोनेनने एसएसएच लिहिलं तेव्हा फाईली पाठवायच्या एफटीपीचा २१ आणि लांबून लॉगिन व्हायच्या जुन्या टेलनेटचा २३ यांच्या मधला २२ मोकळा होता, तो त्याने मागितला आणि मिळाला.

मी घरी, इंदिरानगरला. कॉन्फिग फाईलमध्ये पोर्ट बदलला, सिंटॅक्स तपासला, फायरवॉलमध्ये ५४२२ उघडला, सर्व्हिस रीस्टार्ट केली, एकही एरर नाही. मग २२ चा नियम काढला आणि एक्झिट केलं. नवीन पोर्टवर आधी लॉगिन करून बघायला पाहिजे होतं, ते मी केलं नाही, चूक माझीच.

परत आत जायला गेलो तर ५४२२ वर ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. २२ वर नुसतं लटकलेलं, मग टाईमआऊट. हातपाय गार पडले. पिंपळगाव तीसेक किलोमीटर, नऊला गाडी निघायची होती, आणि तिथे जाऊन सर्व्हरला मॉनिटर-कीबोर्ड लावेपर्यंत दुसरं काही बिघडलं असतं तर इथून काहीच करता आलं नसतं.

मग पोरगा आठवला. फोन केला तर म्हणे निघतोय दादा, बॅग भरली. मी ओरडलोच, अरे थांब, लॅपटॉप मिटू नको! त्याचं जुनं सेशन अजून चालू होतं, कारण सर्व्हिस रीस्टार्ट झाली तरी आधीची जोडणी तुटत नाही आणि फायरवॉल पण आधीपासून चालू असलेल्या कनेक्शनला अडवत नाही.

त्याला म्हटलं कोण कुठे ऐकतंय ते बघ, ‘एसएस’ चालव. त्याने वाचून दाखवलं, २२ च्या ओळीत ‘सिस्टिमडी’ (सगळ्या सर्व्हिस चालवणारा प्रोग्राम) लिहिलंय. तिथे ट्यूब पेटली. उबुंटूत २२.१० पासून पोर्ट धरून बसतं ते एसएसएचचं सॉकेट, नुसती सर्व्हिस रीस्टार्ट करून ते हलत नाही. आधी डेमन-रीलोड, म्हणजे सिस्टिमडीला बदललेली सेटिंग परत वाचायला लावायची, मग ‘एसएसएच डॉट सॉकेट’ रीस्टार्ट. मी एकेक अक्षर सांगत होतो, तो टाईप करून मला परत वाचून दाखवायचा, मगच एंटर.

५४२२ वर प्रॉम्प्ट आला.

त्याने विचारलं, आता मिटू का? मी म्हटलं थांब, आणि दोनदा बाहेर पडून परत आत आलो, मगच त्याला जाऊ दिलं. गाडी वेळेवर निघाली, आणि सकाळी लॉग उघडला तर रात्रभरात फक्त आमच्याच लॉगिनच्या ओळी.