मासा लपवायचा नाही

रविवार, रात्र

दिवाळीचं गोडधोड खाऊन जीभ नुसती कंटाळली होती त्यामुळे आज सकाळी सकाळीच सिटीलाईट मार्केट गाठलं. रावस हवाच होता. नेहमीच्या मावशींनी कल्ला उघडून दाखवला, लालभडक होता, बोटाने दाबलं तर मांस लगेच वर आलं, मग काय घेतलाच. ‘भाजायला का कालवणाला गो?’ विचारलं त्यांनी, म्हटलं मावशी, कटलेटसाठी, जाड तुकड्या करा. त्यांनी असं काही बघितलं की रावस कोण कटलेटात घालतं! पण आमच्या पोरीसाठी घालायचाच होता.

आमची लेक खाण्याच्या बाबतीत भयंकर चोखंदळ आहे. घास तोंडात जायच्या आधी नाकाजवळ जातो, कोथिंबिरीचं पान दिसलं की ते ताटाच्या कडेला. त्यात मागे एकदा आजीकडे करलीचा काटा घशात अडकला, सासूबाईंनी कोरड्या भाताचे गोळे गिळायला लावले, काटा गेला पण माशाची भीती बसली ती बसलीच. घरात सगळ्यांचं एकच, बटाट्यात लपव, ब्रेडचा चुरा लाव, मस्त तळून दे, कळणार पण नाही तिला. मला हे अजिबात पटत नाही. एकतर ती फसत नाही, आतला बटाट्याचा लगदा आणि वरचं तेलकट कवच, दोन घासांत पोट भरतं आणि उरलेलं ताटात तसंच. आणि दुसरं म्हणजे माशाची चवच कळली नाही तर तिला मासा आवडणार तरी कसा? कोकणी घरातल्या पोरीला रावसाची गोडी माहीत नसावी हे मला खरंच सहन होत नाही.

म्हणून बटाटा पूर्ण बाद. तुकड्यांना हळद, मीठ, लिंबू लावलं आणि कुकरमध्ये शिट्टी न लावता सात-आठ मिनिटं वाफवल्या. डब्यात खाली जे पाणी साठतं ना ते टाकायचं नाही, संध्याकाळच्या कालवणात घातलं. मासा गार झाल्यावर लेकीला समोर बसवलं आणि ताट तिच्याच पुढ्यात ठेवलं, म्हटलं तूच शोध काटे. आधी दोन बोटांनी लांबूनच चाचपत होती, मग तिच्या लक्षात आलं की मधल्या रेषेत बारीक काटे ओळीनेच लागतात, एक सापडला की पुढचा कुठे असेल ते कळतं, मग अशी काही तल्लीन झाली की प्रत्येक काटा वाटीच्या काठावर लावून ठेवत होती. मी नंतर परत एकदा हात फिरवलाच, पण तिने एकही सोडला नव्हता! आपल्या हाताने काढलेत म्हटल्यावर भीती अर्धी तिथेच गेली.

मिक्सर मात्र लावायचा नाही. कच्चा मासा मीठ घालून फिरवला की त्यातलं प्रोटीन चिकट होतं आणि शिजल्यावर रबरासारखं उसळतं, थाई फिश केकला तसंच हवं असतं पण मला मऊ, सुटसुटीत पाहिजे होतं. म्हणून वाफवलेला मासा हातानेच मोकळा केला, मोठे पापुद्रे तसेच राहू दिले. अर्धा किलोला मूठभर पातळ पोहे, धुऊन लगेच निथळलेले, ते ओल धरून ठेवतात आणि जड पण होत नाहीत. एका अंड्याचा पांढरा बलक फेसून घातला, आल्याचा रस, थोडी मिरची, आणि पानांऐवजी कोथिंबिरीचे कोवळे देठ अगदी बारीक चिरून, वास येतो आणि हिरवं पान दिसत नाही. कांदा नाहीच, पाणी सुटतं. चपट्या वड्या करून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवल्या की तव्यावर तुटत नाहीत. वरून नुसता बारीक रवा भुरभुरवला आणि नॉनस्टिक तव्यावर दोन चमचे तेलात मध्यम आचेवर शेकल्या. घाई करून उलटायच्या नाहीत, खालून सोनेरी झाल्या की आपोआप सुटतात. थोड्या आप्पेपात्रात पण केल्या, त्याला तेल अजून कमी लागतं, पण मला तव्यावरच्याच जास्त आवडल्या, कडा कुरकुरीत होतात.

लेकीने आधी वास घेतला, मग एक कडा मोडून खाल्ली, आणि म्हणाली, ‘आई, हा गोड लागतो.’ इतकं बरं वाटलं मला! कारण रावस गोडच लागतो, तेच तर तिला कळायला हवं होतं. तीन खाल्ल्या, सॉस न मागता. सासूबाईंना तिखट कमी वाटलं, त्यांनी आपली लसणाची चटणी काढली, ते ठीकच आहे.

उद्या सोमवार, घरात मासे नाहीत, म्हणून उरलेल्या वड्या न शेकताच फ्रीजरमध्ये टाकल्यात. बुधवारी बांगडा करून बघायचाय, त्याला स्वतःचंच तेल असतं त्यामुळे वरून अगदी थोडं पुरेल, वास मात्र उग्र, लिंबू आणि आलं जास्त घालावं लागेल. आणि काटे रावसापेक्षा जास्त, हे तिला आत्ताच सांगून ठेवलंय, तर म्हणते मग मोठं ताट घे.