तुम्ही विचारलंत म्हणून: सुनावणीला जाऊन होतं तरी काय?

"बाई, तुम्ही त्या सुनावण्यांना जाता, अर्ज करता, त्याने होतं तरी काय?" हा प्रश्न मला नाशिकरोडच्या भाजीबाजारात विचारला जातो, लग्नाच्या पंगतीत विचारला जातो. जुने विद्यार्थी भेटले की तब्येतीची चौकशी झाल्यावर दुसरा प्रश्न हाच. परवा भाच्यानेही विचारला, "आत्या, कशाला उन्हातान्हात फिरतेस?" विचारणारे काळजीपोटी विचारतात हे कळतं. मी "होतं थोडंफार" म्हणून वेळ मारून नेते. प्रकल्पांच्या जनसुनावण्यांना, म्हणजे मंजुरीआधी लोकांचं म्हणणं ऐकायला भरवतात त्या सभांना, मी का जाते ते आज नीट सांगते.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं. भावाची दोन एकर द्राक्षबाग. काही वर्षांपूर्वी ऑक्टोबर छाटणी उरकली आणि आठवड्याभरात दोन तरुण मुलं एक यंत्र घेऊन बागेत आली. दोन ओळींच्या मधोमध त्यांनी लाल रंग लावलेली खुंटी ठोकली. भावाने विचारलं, कसला सर्व्हे? "लाइनचा." कुठली लाइन? "वरून आलंय, दादा." भावाने त्यांना चहा पाजला आणि तो कामाला लागला. खुंटी तिथेच राहिली.

द्राक्षाच्या मण्यात पाणी उतरायला, म्हणजे घड पिकायला, लागलं आणि तेव्हा खोदणारं मशीन आलं. चार खड्डे, विजेच्या टॉवरच्या चार पायांसाठी. द्राक्षाचा मांडव ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते: लोखंडी अँगलवर तारा ताणून बांधलेल्या असतात आणि घडांचा सगळा भार त्या ताणावर असतो. मधल्या चार अँगल काढल्या की तार तेवढ्यापुरती सैल पडत नाही, ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत खाली बसते. मी गेले तेव्हा घड मातीला टेकले होते आणि भावजय एकेका घडाखाली गोणपाट सरकवत होती. साइटवरचा माणूस भावाला समजावत होता, "जमीन तुमचीच राहणार आहे. आम्ही काही विकत घेत नाही."

तो खरंच बोलत होता, आणि सगळी गोम त्यातच होती. वीज कायदा २००३ च्या कलम १६४ खाली वीजवाहिनी टाकणाऱ्याला १८८५ च्या तार (टेलिग्राफ) कायद्यातले अधिकार देता येतात. त्या अधिकारात जमीन संपादित होत नाही. सातबारा तुमच्याच नावावर राहतो, टॉवर तुमच्या शेतात उभा राहतो आणि तुम्हाला नुकसानभरपाई मिळते. तुम्ही अडवलं तर जिल्हाधिकारी आदेश देऊ शकतात. रकमेवरून वाद झाला तर जिल्हा न्यायाधीशांकडे जायचं. अशा वाहिनीला २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागत नाही, त्यामुळे तिची जनसुनावणीही होत नाही. औष्णिक प्रकल्पाची सुनावणी होते, त्याची वीज वाहून नेणाऱ्या तारा ज्यांच्या डोक्यावरून जातात त्यांची होत नाही. हे मला आजही पटत नाही.

भरपाईचं म्हणाल तर केंद्राच्या ऑक्टोबर २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरच्या पायाखालच्या जमिनीसाठी किमतीच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी जास्तीत जास्त १५ टक्के असं होतं. जून २०२४ च्या सूचनांत ते २०० आणि ३० टक्क्यांवर गेलं. हे आकडे आज मला पाठ आहेत. त्या दिवशी आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हते. भावाच्या पंचनाम्यात तोडलेल्या वेली ६२ लिहिल्या गेल्या. भाऊ म्हणतो शंभराच्या वर होत्या. पण पंचनाम्याखाली त्याची सही आहे. "आधी सही करा, आकडा नंतर भरू" असं म्हटलं गेलं आणि त्याने केली. त्या सहीने आमचं जेवढं नुकसान केलं तेवढं टॉवरनेही केलं नाही. आम्ही ज्या ज्या टेबलापुढे उभे राहिलो तिथे एकच विचारलं गेलं: तुमच्याकडे कागद काय आहे? आमच्याकडे फक्त आठवण होती. कोणी, कोणत्या तारखेला, काय कबूल केलं, यातलं काहीही आम्ही लिहून घेतलं नव्हतं.

तेव्हापासून मी जाते. निवृत्त झाल्यावर तर अडवणारं कोणीच उरलं नाही.

तीन वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका रस्त्याच्या प्रकल्पाची जनसुनावणी होती. शाळेच्या मैदानात मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढच्या दोन रांगा राखीव. ही सुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळाने भरवायची असते. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा निदान अपर जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाचा अधिकारी लागतो. निदान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते, प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्या अहवालाचा मराठी सारांश आधीपासून लोकांना पाहायला ठेवावा लागतो, आणि सगळ्याचं चित्रीकरण होतं. गणपूर्तीची अट नाही. दहा माणसं आली तरी सुनावणी झाली असंच धरतात. म्हणून गावाने बहिष्कार टाकला की मला धास्ती वाटते. राग खरा असतो, पण कागदावर तो "कोणी हरकत घेतली नाही" असा उतरण्याचा धोका असतो.

त्या दिवशी नोकरी, भाव, धूळ सगळ्यावर बोलणं झालं. मग मागून एक मावशी उठल्या. नऊवारी, हातात पिशवी, माइक कसा धरायचा ते ठाऊक नाही. म्हणाल्या, "साहेब, आमच्या मळ्याच्या अंगाला ओढा आहे. तुमचा रस्ता भराव घालून येणार. मग आषाढात पाणी जाणार कुठून? मोरी किती रुंद करणार तेवढं सांगा." मांडवात शांतता झाली. तासभरात विचारलेला हा पहिला प्रश्न असा होता की ज्याचं उत्तर मीटरमध्ये द्यावं लागणार होतं. प्रकल्पाच्या सल्लागाराने अहवाल चाळला, शेजारच्याशी बोलला आणि म्हणाला, तीन मीटरची बॉक्स मोरी, म्हणजे चौकोनी, देऊ.

दोनच्या सुमारास भाषणं संपली, लोक उठले, जेवणं व्हायची होती. खरी सुनावणी इथून पुढे असते असं मला वाटतं. नियम असा आहे की कामकाजाचा सारांश त्याच ठिकाणी, लोकांपुढे, स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा आणि मग त्यावर अध्यक्षांची सही. आम्ही तेव्हा मांडवात जेमतेम वीस जण असू. वाचणाऱ्याने मावशींच्या प्रश्नाशी येऊन वाचलं, "ग्रामस्थांनी पावसाळी पाण्याच्या निचऱ्याबाबत सूचना मांडल्या." मावशी माझ्या शेजारीच बसल्या होत्या. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी सूचना नाही मांडली. मी मोरी किती रुंद ते विचारलं, आणि हे तीन मीटर म्हणाले." अधिकाऱ्याने एकदा आमच्याकडे पाहिलं आणि लेखनिकाला सांगितलं, त्या म्हणतात तसं लिहा. वाक्य खोडून पुन्हा लिहिलं गेलं. तीन मीटर. बॉक्स मोरी. पुढे मावशींचा गट नंबर.

दोन वर्षांनी काम त्या ओढ्याशी आलं. तिथे बसवला १२०० मिलिमीटरचा एक गोल पाइप. मावशींच्या मुलाने फोटो पाठवला. या वेळी आमच्याकडे कागद होता. मंजुरी मिळाल्यावर प्रकल्पवाल्यांना दर सहा महिन्यांनी, १ जूनला आणि १ डिसेंबरला, अटी पाळल्याचा अहवाल द्यावा लागतो आणि तो अहवाल सार्वजनिक असतो. मी माहिती अधिकारात तो मागितला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर, उत्तराला ३० दिवस. "पाइप का टाकला" असं मी विचारलं नाही, कारण 'का'चं उत्तर देणं माहिती अधिकाऱ्याला बंधनकारक नाही. अहवालाची प्रत आणि त्या ठिकाणचा मंजूर नकाशा मागितला. नकाशात मोरी तीन मीटरचीच होती.

इतिवृत्त, नकाशा आणि फोटो जोडून आम्ही अर्ज दिला. टपाल शाखेत पोहोचीचा शिक्का मारून घेतला, खाली तारीख वाचता येते की नाही तेही पाहून घेतलं. पंधरा दिवसांनी कामावरच्या तरुण अभियंत्याचा फोन आला. मला वाटलं चिडला असेल. तो म्हणाला, "मॅडम, बरं झालं लेखी दिलंत. मी तोंडी दोनदा वर सांगितलं होतं. आता फाइलवर आलंय, मला लिहिता येईल." त्या फोनचा मी पुष्कळ विचार केला. आपण सरकार म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे एक भिंत असते. त्या भिंतीच्या आत असा एखादा मुलगाही असतो, आणि आपला कागद आत गेल्याशिवाय त्याचा हातही मोकळा होत नाही.

दिलेला शब्द पाळण्याची जबाबदारी मागितली की लोकांना वाटतं, मी प्रकल्पांच्या विरोधात आहे. तसं नाही. नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राचंच बघा. २१० मेगावॉटचे तीन संच तिथे आहेत. १४० मेगावॉटचे जुने दोन कधीच बंद झाले. त्यांच्या जागी ६६० मेगावॉटचा नवा संच येणार अशी घोषणा झाली, तो काही उभा राहिला नाही. तिथे लोकांनी आंदोलनं केली ती प्रकल्प हवा म्हणून. केंद्रावर पोट असलेली कुटुंबं, वाहतूकवाले, चहाच्या टपऱ्या, सगळे विचारत राहिले की आमचं पुढे काय. येणार म्हटलेला प्रकल्प येणार नसेल, तर तसं लेखी, कारणासहित सांगणं हीसुद्धा जबाबदारीच. माणसं त्या भरवशावर मुलांची शिक्षणं ठरवतात, कर्ज काढतात.

आता गावोगाव गायरानावर सौर प्रकल्प येताहेत. शेतीला दिवसा वीज मिळावी यासाठी ते हवेतच. रात्री दोनला मोटर चालू करायला जाणारा शेतकरी मी घरात पाहिला आहे, आणि बिबट्याची भीती काय असते तेही. पण सौर प्रकल्पालाही पर्यावरण मंजुरी लागत नाही, म्हणजे जनसुनावणी नाही. मग जागा उरते ग्रामसभेची. शेळ्या कुठे चरायच्या, स्मशानाची वाट कुठून जाणार, कुंपण कुठपर्यंत, हे तिथेच विचारायचं आणि ठरावाची प्रत घेऊनच घरी यायचं. भाच्याला मी हेच सांगितलं. मागच्या ग्रामसभेत तो मोबाइलवर चित्रीकरण करत बसला होता, प्रोसीडिंग बुकात काय लिहिलं ते त्याने पाहिलंच नाही.

मावशींच्या ओढ्यावर शेवटी बॉक्स मोरी झाली. गेल्या पावसाळ्यात मी आणि त्या टेप घेऊन गेलो होतो. तीन मीटरला चार बोटं कमी भरली. पाणी मात्र निघून जात होतं. भावाच्या वेलींचा हिशेब अजून लागलेला नाही. पुढची तारीख डिसेंबरात आहे. त्याच आठवड्यात सिन्नरकडे एक सुनावणी आहे, ११ वाजता. भाच्याला म्हटलंय, गाडी काढ, आणि सारांश वाचून होईपर्यंत निघायची घाई करू नकोस. डबा मी घेते.