‘वीक पॉझिटिव्ह’ ते पोळी-कांदा: गव्हाच्या संशयाचा माझा अनुभव

सिलिॲक म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्याला इजा करते तो आजार. तो शोधायच्या टीटीजी-आयजीए या रक्ततपासणीत माझा आकडा लॅबच्या मर्यादेपेक्षा जेमतेम वर आला आणि शेजारी छापलं होतं ‘वीक पॉझिटिव्ह’. मग एंडोस्कोपी झाली, लहान आतड्याचे तुकडे तपासायला गेले. त्यावर शेरा आला ‘मार्श 1’ आणि खाली ‘क्लिनिकली कोरिलेट करावे’, म्हणजे लक्षणांशी ताडून बघा. सिलिॲक आहे असं कुणी म्हणेना, नाही असंही म्हणेना. तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं, "गहू बंद करून बघा. बरं वाटलं तर तेच समजायचं." असाच रिपोर्ट हातात घेऊन पीठ बदलायच्या विचारात असलेल्यांसाठी मी हे लिहिते आहे, कारण त्या सल्ल्याने मला उत्तर कधीच मिळालं नसतं.

माझं माहेर सोलापूरचं. घरात रोज ज्वारीची भाकरी. पोळी सणाला नाहीतर पाहुणे आले की. लग्नानंतर पुण्यात आले आणि दोन्ही वेळा पोळी-भाजी सुरू झाली. डबाही पोळीचाच. वर्ष-दीड वर्षात संध्याकाळी पोट इतकं फुगायला लागलं की ऑफिसातून घरी आल्यावर आधी ड्रेसची नाडी सैल करायची. कधी जुलाब, कधी दोन-दोन दिवस पोट साफ नाही, डोकं जड. त्यात हिमोग्लोबिन घसरलं. लोहाच्या गोळ्यांनी ते हवं तसं चढेना, म्हणून आधी टीटीजी करायला सांगितलं होतं. अशक्तपणामुळे मी बरेच दिवस आईकडे जाऊन राहिले आणि तिथे माझं पोट शांत झालं. आईचं निदान तेव्हाच पक्कं झालं: "तुला गहू सोसत न्हाई. भाकरी खा की गं, काय बिघडतंय?" तिथून परत येताच तपासण्या झाल्या.

दुसरं मत घ्यायला पोटाच्या तज्ज्ञांकडे गेले, तेव्हा त्यांनी फाइल उघडायच्या आधी विचारलं, "रक्त दिलं त्याआधीचे दोन-तीन महिने रोज किती पोळ्या खात होता?" मी म्हटलं, जवळजवळ नाहीच, माहेरी भाकरी होती. त्यांनी पेन खाली ठेवलं. हा प्रश्न मला तोवर कुणीच विचारला नव्हता.

त्यांनी समजावलं ते असं. टीटीजीची प्रतिपिंडं शरीर तयार करतं ते ग्लूटेन पोटात जात असताना. गहू कमी झाला की ती हळूहळू उतरतात आणि आतडंही भरून यायला लागतं. त्यामुळे भाकरीवर राहिलेल्या माणसाचा थोडासा वाढलेला आकडा दोन्ही बाजूंनी वाचता येतो: खरा आजार उतरणीला लागलाय, किंवा मुळात काही नव्हतंच. कमी आकडे इतर कारणांनीही येतात. एकूण आयजीएसुद्धा (या प्रकारची शरीरातली सगळी प्रतिपिंडं) बघावं लागतं, कारण काहींच्या शरीरात तेच कमी असतं आणि मग टीटीजी-आयजीए खोटं निगेटिव्ह येतं. माझं एकूण आयजीए व्यवस्थित होतं, तेवढी एक शंका गेली.

मार्श 1 म्हणजे आतड्याच्या अस्तरात लिम्फोसाइट पेशी वाढलेल्या, पण अन्न शोषणारे बारीक अंकुर शाबूत. सिलिॲकची ठळक खूण म्हणजे हे अंकुर झिजणं, ते मार्श 3 मध्ये दिसतं. नुसत्या पेशी वाढायला एच. पायलोरी, जिआर्डिया, इतर जंतुसंसर्ग, वारंवार घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, काहीही पुरतं. आपल्याकडे पोटाचे संसर्ग किती होतात ते सगळ्यांना माहीतच आहे. शिवाय सिलिॲकचं नुकसान आतड्यात ठिकठिकाणी विखुरलेलं असतं, म्हणून ड्युओडेनमच्या (लहान आतड्याचा पहिला भाग) सुरुवातीच्या भागातून एक-दोन आणि पुढच्या भागातून निदान 4 तुकडे घ्यावेत असं सांगतात. माझे त्याहून कमी घेतलेले होते.

मग त्यांनी ठरवलं: आधी पोळी परत सुरू, मग तपासणी परत. याला ग्लूटेन चॅलेंज म्हणतात. रोज किमान 3 ग्रॅम ग्लूटेन, म्हणजे साधारण दोन पोळ्या, आणि झेपलं तर 8 आठवड्यांपर्यंत.

घरात हे पटवणं तपासणीपेक्षा अवघड गेलं. आई फोनवर रडवेली झाली. "जे खाऊन लेक आजारी पडली तेच खायला सांगणारा कसला डॉक्टर?" तिचं चुकत नव्हतं, बरं वाटतंय ते सोडून मुद्दाम त्रास ओढवून घ्यायचा, हे कुठल्या आईला पटेल? सासूबाई मात्र म्हणाल्या, "अगं, एकदाचं काय ते कळू दे. नाहीतर जन्मभर प्रत्येक लग्नात पंगतीला बसून ताटाकडे संशयाने बघशील." सासूबाईच रोज सकाळी माझ्या दोन पोळ्या आधी लाटून ठेवायच्या आणि संध्याकाळी विचारायच्या, "आज कसं?" मी वहीत लिहायची: पोट, डोकं, झोप, शौच, आणि पोळीशिवाय काय-काय खाल्लं. ही शेवटची नोंद आहारतज्ज्ञ मॅडमनी आग्रहाने ठेवायला लावली होती. पुढे सगळं प्रकरण तिच्यामुळेच सुटलं.

त्रास व्हायचा. काही दिवस भरपूर, काही दिवस अजिबात नाही. रोज सारख्याच दोन पोळ्या, आणि पोट मात्र असं लहरी. मला ते विचित्र वाटत होतं.

याच काळात दोन गोष्टी वारंवार कानावर आल्या. एक, "खपली गहू खा, तो चालतो." खपली हा गहूच आहे, त्यात ग्लूटेन असतं आणि सिलिॲक असलेल्याला तो मुळीच चालत नाही. कुणाला तो पचायला हलका वाटत असेल, त्याबद्दल वाद नाही, पण निदान झालेल्या पेशंटला कुणी प्रेमाने खपलीची खीर वाढते तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. दुसरी, शंभर पदार्थांची ‘फूड इनटॉलरन्स’ची महागडी रक्ततपासणी. ती बहुधा आयजीजी या प्रकारची प्रतिपिंडं मोजते. एखाद्या पदार्थाविरुद्धचं आयजीजी तो पदार्थ आपण खातो एवढंच दाखवतं. ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनाच ती करू नका म्हणतात. मी केली नाही.

चॅलेंजनंतर टीटीजी परत केलं. आकडा मर्यादेच्या आत. सोबत केलेली एंडोमायझियल प्रतिपिंडांची चाचणी, म्हणजे सिलिॲकचीच दुसरी रक्ततपासणी, निगेटिव्ह. बायोप्सी परत झाली, या वेळी पुरेसे तुकडे घेऊन, आणि अंकुर पूर्ण निरोगी. गव्हाच्या ॲलर्जीची आयजीई तपासणीही स्वच्छ. सिलिॲकशी संबंधित एचएलए जनुकांच्या तपासणीत डीक्यू2 मात्र निघालं आणि ते वाचून माझ्या छातीत धस्स झालं. डॉक्टर म्हणाले, ही चाचणी ‘नाही’ म्हणायला चांगली, ‘हो’ म्हणायला नाही. डीक्यू2 आणि डीक्यू8 दोन्ही नसतील तर सिलिॲक जवळजवळ निकालात निघतो. असतील तर एवढंच की दार बंद नाही. जगात साधारण 30 ते 40 टक्के लोकांत ही जनुकं असतात आणि त्यांतल्या बहुतेकांना सिलिॲक कधीच होत नाही. त्यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय पाहणीचं उदाहरण दिलं: सिलिॲकची प्रतिपिंडं उत्तर भारतात 1.23 टक्के लोकांत सापडली, दक्षिणेत 0.10 टक्के. जनुकांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच होतं. फरक होता ताटातल्या गव्हात, उत्तरेत दिवसाला सरासरी 455 ग्रॅम आणि दक्षिणेत 25. भाकरीच्या घरातून पोळीच्या घरात आलेल्या मला हे फार जवळचं वाटलं.

हिमोग्लोबिनचं कारणही वेगळंच निघालं, मासिक पाळीतला जास्त रक्तस्राव. स्त्रीरोगतज्ज्ञांनी उपचार केल्यावर लोह टिकायला लागलं.

सिलिॲक नाही, ॲलर्जी नाही, मग त्रास कशाचा? उरली ती सिलिॲकविना ग्लूटेन-संवेदनशीलता, आणि तिची रक्ततपासणीच नाही. ती ओळखायची तर पेशंटला न कळू देता ग्लूटेन द्यायचं आणि बघायचं. 2014 मध्ये इटलीतल्या सालेर्नो इथे तज्ज्ञांनी त्याची रीत ठरवली: एक आठवडा रोज 8 ग्रॅम ग्लूटेन किंवा दिसायला तसंच काहीतरी दुसरं, मध्ये एक आठवडा मोकळा, मग अदलाबदल. आधी काही आठवडे गहू बंद ठेवला आणि आहारतज्ज्ञ मॅडमनी घरी जमेल असं बेतून दिलं. त्यांनी पुड्या बांधल्या, ‘क’ आणि ‘ख’. एकीत गव्हापासून वेगळं काढलेलं शुद्ध ग्लूटेन, दुसरीत तांदळाचं पीठ. कुठलं कशात, ते फक्त त्यांना ठाऊक. सासूबाई ती पुडी ज्वारीच्या धिरड्यात मिसळायच्या, भरपूर जिरं, कोथिंबीर आणि टोमॅटो घालून, म्हणजे चव लपावी. ग्लूटेनने धिरडं जरा चिवट होतं, म्हणून त्या दोन्ही वेळा ते मुद्दाम कुस्करूनच वाढायच्या. त्यांनी किती मनापासून हे केलं ते आठवलं की मला भरून येतं.

दोन्ही आठवड्यांचे माझ्या त्रासाचे गुण जवळपास सारखे आले. ‘क’ला किंचित जास्त त्रास, आणि ‘क’ तांदूळ होता. म्हणजे ग्लूटेनचा दोष नव्हता.

मग मॅडमनी वही मागितली आणि सासूबाईंकडे वळून विचारलं, "वर्षातून हिला आपोआप बरं कधी वाटतं?" सासूबाई लगेच म्हणाल्या, "चातुर्मासात. आमच्याकडे कांदेनवमी झाली की कार्तिकीपर्यंत कांदा-लसूण बंद." त्या चार महिन्यांत आम्ही पोळ्या तर रोज खातो! आणि सोलापूरला? तिथे लसणाची चटणी, कांदा सगळं असतं, पण पोळी नसते. वहीत त्रासाचे दिवस पुन्हा पाहिले. पोळी आणि कांद्याची भाजी, पोळी आणि लसणाची आमटी, पोळी आणि कांदा घातलेली उसळ. वेगळं-वेगळं मला सोसत होतं, एकत्र आलं की पोट बंड करत होतं.

गहू, कांदा आणि लसूण यांत फ्रुक्टन नावाची कर्बोदकं असतात. ती लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यात जंतू ती आंबवतात आणि गॅस धरतो. प्रत्येकाला किती सोसतं त्याची मर्यादा वेगळी. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतल्या एका अभ्यासात, ग्लूटेन सोसत नाही असं सांगणाऱ्या 59 जणांना न कळू देता तीन प्रकारचे बार खायला दिले होते. त्रास ग्लूटेनपेक्षा फ्रुक्टनने जास्त झाला. माझंही तेच निघालं. कांदा-लसूण बाजूला ठेवून रोजच्या पोळ्या खाल्ल्या तेव्हा पोट गप्प होतं.

आता घरात गहू आहे. फोडणीत लसणाच्या पाकळ्या तेलात परतून काढून टाकतो, कारण फ्रुक्टन तेलात उतरत नाही आणि वास मात्र उतरतो. कांद्याऐवजी पातीचा हिरवा भाग. हिंग सढळ. (ज्यांना खरोखर सिलिॲक आहे त्यांनी हिंगाची डबी वाचावी, बहुतेक बांधणीच्या हिंगात गव्हाचं पीठ असतं. गिरणीत गव्हामागून दळलेली ज्वारी आणि भाजणीतले गहूही त्यांना चालत नाहीत.) माहेरी गेले की भाकरीबरोबर लसणाची चटणी चालते, आणि आईला तेवढंच पुरतं.

डीक्यू2 आहे, म्हणून लक्ष ठेवायचं: लोह पुन्हा विनाकारण घसरलं, वजन उतरलं किंवा जुलाब थांबेनात, तर टीटीजी परत करायची. फाइलच्या पहिल्या पानावर डॉक्टरांनी स्वतः लिहून दिलंय: ‘तपासणीपूर्वी पोळी बंद करू नये.’