म्हणे ‘बोर्ड गेलाय’! कॉर्डलेस फोन चार्ज होईना त्याची रडकथा

आमच्याकडे लँडलाइन अजून आहे आणि ती सासूबाईंसाठी आहे. मोबाइलच्या काचेवर त्यांचं बोट उमटत नाही आणि त्यावरचा आवाज त्यांना ‘खोल विहिरीतून’ येतो. तांब्याची लाइन जाऊन फायबर आलं, नंबर तोच राहिला, आणि मोडेमशेजारी कॉर्डलेसचा स्टँड बसला. दुपारचा चहा झाला की बहिणींचे फोन सुरू होतात.

हा फोन बोलता बोलता बंद पडायला लागला. पडद्यावर बॅटरीच्या सगळ्या काड्या भरलेल्या, पण पाच-सात मिनिटं बोलणं झालं की टूं टूं करून गप्प. काड्या भरलेल्या दिसतात म्हणजे बॅटरी चांगली आहे असं समजू नका. त्या काड्या साधारण व्होल्टेजवर चालतात. म्हातारा झालेला सेल नुसता ठेवला तर व्होल्टेज बरं दाखवतो, आणि बोलायला लागून करंट ओढला की बसतो. आमचे सेल चार वर्षांचे होते. रोज वापर असेल तर दोन-तीन वर्षं चालले तरी खूप झालं.

मागचं झाकण सरकवलं की आत दोन बारीक सेल दिसतात, रिमोटला लागतात त्याच मापाचे, म्हणजे ट्रिपल ए. त्यांच्यावर बारीक अक्षरात एनआय-एमएच (म्हणजे निकेल मेटल हायड्राइड, रिचार्जेबल), १.२ व्होल्ट, ५५० एमएएच (ही सेलची क्षमता) असं छापलेलं होतं. दुकानात जाताना जुना सेलच खिशात घेऊन जा. मी तो काउंटरवर ठेवला तरी कोपऱ्यावरच्या दुकानदाराने साधे अल्कलाइन सेल पुढे केले. “अहो ताई, साइज सेम आहे, चालतंय की.” चालत नाही. साधा सेल १.५ व्होल्टचा असतो आणि तो चार्ज करण्यासाठी बनवलेलाच नसतो. फोन स्टँडवर ठेवला की त्यात जबरदस्तीने करंट जातो, मग तो गळतो, फुगतो, वेळ आली तर फुटतो. काही फोन हुशार असतात, रिचार्जेबल बॅटरी वापरा अशी पडद्यावरच तंबी देतात. सगळे देत नाहीत. आणि ३.७ व्होल्टचे लिथियम सेल कुणी ‘जास्त पॉवरफुल’ म्हणून गळ्यात मारायला आला तर तिथून निघाच.

पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, उलटा प्रकार. तिथे एकाने कुठल्याशा अनोळखी कंपनीचे चकचकीत सेल दाखवले, वर छापलेलं १८०० एमएएच. निकेल मेटल हायड्राइडच्या ट्रिपल ए सेलमध्ये हजार-अकराशेच्या पुढे फारसं मावतच नाही. जिथे १८०० लिहिलंय तिथे बाकीचंही खोटंच असणार. शिवाय कॉर्डलेसचा स्टँड हळूहळू, तासन् तास चार्ज करणारा असतो. ५५० ते ८०० एमएएचचा चांगल्या कंपनीचा सेल त्याला पुरतो. जास्तीचा घातला तर फोन बिघडत नाही, फक्त भरायला वेळ घेतो. मी एनेलूप ब्रँडचे ८०० वाले घेतले. साध्या सेलपेक्षा कितीतरी महाग, पण ते नुसते पडून राहिले तरी लवकर उतरत नाहीत. दोन्ही एकदम बदलायचे, एकाच कंपनीचे, एकाच क्षमतेचे. एक जुना आणि एक नवा लावला तर जुना नव्याला घेऊन बुडतो.

इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. नवे सेल घातले, स्टँडवर ठेवले. पहिल्यांदा सात-आठ तास तरी न उचलता चार्ज करायचा असतो, म्हणून रात्रभर तसाच ठेवला. सकाळी बॅटरी रिकामी! कधी ठेवला की बीप वाजायचा, कधी नाही. म्हणून मी फोन घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले आणि माझं डोकं फिरायला सुरुवात झाली.

आधी टोकन. टोकन घेऊन बसलं की काउंटरवरची मुलगी विचारते, बिल आहे का? फोन इतका जुना, बिल कुठलं असणार? मग वॉरंटी नाही. वॉरंटी मी मागतच नव्हते, पैसे देऊन दुरुस्त करा म्हणत होते. मग म्हणाली स्टँड पण लागेल. आधी फोनवर विचारलं तेव्हा ‘फक्त हँडसेट आणा’ सांगितलेलं. पुन्हा स्टँड घेऊन गेले तर अॅडॉप्टर नाही म्हणून जॉब कार्ड, म्हणजे दुरुस्तीची नोंद, बनेना. शेवटी सगळं कुटुंब पिशवीत घालून नेलं आणि ठेवून आले. मग दर वेळी फोन केला की ‘टेक्निशियनकडे आहे’. तिकडे सासूबाईंच्या बहिणी माझ्या मोबाइलवर, तेही नेमक्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये. “अगं, ताईचा फोन लागत नाही, बरी आहे ना ती?”

एकदाचं बोलावलं. टेक्निशियन बाहेर आलाच नाही, काउंटरवरच्या माणसाने निकाल सांगितला.

“मॅडम, बोर्ड गेलाय.” म्हणजे आतलं सर्किटच.

“कुठला, फोनचा की स्टँडचा?”

“दोन्ही धरून चाला. हे मॉडेलच बंद झालंय. नवीन सेट घ्या, एक्स्चेंजमध्ये बसवून देतो.”

“उघडून बघितलंत का?”

“बघायला काय आहे त्यात?”

मी फोनचा तळ बघितला. स्क्रूवर चार वर्षांची धूळ जशीच्या तशी. स्क्रू ड्रायव्हर लागला असता तर ती हलली नसती का? वर ‘इन्स्पेक्शन चार्ज’ची पावती फाडलेली. ती मी भरली नाही, बरीच वादावादी करून पिशवी परत आणली. बाहेर येऊन रिक्षात बसेपर्यंत हात थरथरत होते. रागाने.

त्या रविवारी भाचा जेवायला आला होता, त्याच्याकडे व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर असतो. म्हणाला, “मामी, आधी कुठला भाग बिघडलाय ते तरी बघू.” त्याने सेल काढून साध्या बाहेरच्या चार्जरमध्ये भरले, पुन्हा फोनमध्ये घातले. फोन अख्खा दिवस चालला, गप्पांसकट. म्हणजे सेल चांगले, फोनचा बोर्डही चांगला. मग अॅडॉप्टर तपासला. त्याच्यावर ६ व्होल्ट लिहिलेलं, मीटरवर तेवढेच मिळाले. स्टँडच्या दोन पत्र्यांवरही व्होल्टेज येत होतं. (काही स्टँडवर फोन ठेवल्याशिवाय ते येत नाही, तेव्हा शून्य दिसलं म्हणून घाबरू नका.) राहिलं काय? मधला स्पर्श.

हँडसेट उलटा केला. तळाशी दोन पितळी पट्ट्या असतात, त्यांच्यावर काळपट चिकट थर, कडेला वाळलेली कणीक. सासूबाई पोळ्या करताना फोन घेतात, आणि दुपारी डोक्याला तेल लावतानाही. खोडरबराने घासल्यावर पट्ट्या पिवळ्याधमक निघाल्या, मग स्पिरिटचा बोळा फिरवला. सँडपेपर वापरू नका, मुलामा निघतो. स्टँडमधल्या दोन पत्र्यांपैकी डावा दबून आत बसलेला. प्लग काढून लाकडी टूथपिकने तो अलगद वर घेतला. फोन ठेवला, बीप. उचलला, ठेवला, बीप. लाल दिवा लागला तो राहिला. याला म्हणे बोर्ड!

आता सुचेल तसं सांगते. मोडेमची पिन कॉर्डलेसमध्ये बसते म्हणून ती लावू नका. मोडेमचा अॅडॉप्टर बहुतेक १२ व्होल्टचा असतो, मग मात्र खरंच बोर्ड जाईल. तुमचा सेट जुना असेल तर सुट्या सेलऐवजी तीन सेलचा, ३.६ व्होल्टचा, वायर आणि प्लगवाला पॅक असतो. नवा पॅक घेताना लाल-काळी वायर प्लगच्या कुठल्या बाजूला आहे ते जुन्याशी ताडून बघा, सगळ्या कंपन्यांत ते सारखं नसतं. ‘पूर्ण उतरल्याशिवाय चार्ज करायचा नाही’ हा जुन्या निकेल कॅडमियम पॅकचा नियम, या सेलना तो लागू नाही. बोलून झालं की सरळ स्टँडवर ठेवा. फक्त क्रोशाचा रुमाल स्टँडखाली घाला, वर नको. आमच्याकडे तो खाचेत अडकून फोन नीट टेकत नव्हता.

लाइट गेल्यावर फोन बंद पडतो तो बॅटरीमुळे नाही. स्टँडला वीज लागते आणि फायबरच्या मोडेमलाही. तांब्याच्या लाइनला टेलिफोन एक्स्चेंजकडूनच ४८ व्होल्ट यायचे, त्यामुळे जुना वायरचा फोन अंधारातही वाजायचा. मोडेमला जो छोटा यूपीएस असतो तो बहुधा १२ व्होल्टच देतो, स्टँड त्यावर चालणार नाही. आम्ही कॉम्प्युटरला असतो तसला यूपीएस आणून दोन्ही त्यावर टाकले.

सेलवर मार्करने महिना-वर्ष लिहून ठेवा. जुने सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. आमचे अजून डब्यात पडलेत, सोसायटीत गाडी यायची आहे.