म्हाताऱ्या रॉकवाल्यांचं लंडन

साऊथ केन्सिंग्टन स्टेशनातून वर यायचं आणि एक्झिबिशन रोडने म्युझियमं मागे टाकत उत्तरेला चालत राहायचं. दहा-पंधरा मिनिटांत डाव्या हाताला लाल विटांचा लंबगोल डोलारा दिसतो, तो रॉयल अल्बर्ट हॉल. समोरचा रस्ता ओलांडला की बाग लागते. बागेतून पूर्वेकडे अर्धा तास चाललं की हायड पार्कचं मैदान, जिथे उन्हाळ्यात मोठ्या मैफलींचं स्टेज उभं राहतं. गिटारवादक एरिक क्लॅप्टन अल्बर्ट हॉलमध्ये पहिल्यांदा वाजवला १९६४ मध्ये, बॉब डिलन तिथे गायला १९६५ मध्ये आणि रोलिंग स्टोन्स या बँडने हायड पार्कात फुकट मैफल केली ५ जुलै १९६९ ला. साठ वर्षांचा हा इतिहास पायी फिरता येतो, आणि त्यातली काही मंडळी अजून वाजवताहेत.

यांतले काही आपल्याकडे येऊनही गेले. स्टोन्स २००३ मध्ये ब्रेबॉर्नवर आले, पिंक फ्लॉइड बँडचा रॉजर वॉटर्स २००७ मध्ये मुंबईत. मात्र ऐंशीच्या आसपासचा माणूस आपल्या दारात येईल याची वाट बघत बसण्यात अर्थ नाही, आपणच उठून जावं. जाताना ‘कोणाला ऐकायचं’ एवढंच बघून भागत नाही. ‘कुठे’ आणि ‘दौऱ्यातल्या कितव्या रात्री’ हे प्रश्न माझ्या मते जास्त महत्त्वाचे आहेत.

जुलै २०२५ चंच बघा. हायड पार्कात ११ तारखेला नील यंग, १२ ला स्टीव्ही वंडर आणि १३ ला जेफ लिन आपल्या ईएलओ या बँडसह, असा लागोपाठ तीन रात्रींचा बेत होता. लिनची ती शेवटची मैफल म्हणून जाहीर झाली होती. पहिल्या दोन झाल्या, तिसरी आदल्या दिवशी रद्द झाली. लिन सत्त्याहत्तर वर्षांचा होता, तब्येतीने साथ सोडली, आणि नवी तारीख मिळाली नाही ती नाहीच. फक्त १३ तारखेसाठी समुद्र ओलांडून आलेल्याच्या हाती तिकिटाचे पैसे परत आले. विमान आणि हॉटेल मात्र त्याच्याच खिशातून गेलं, कारण कलाकार आजारी पडला म्हणून साधा प्रवास विमा सहसा पैसे देत नाही. स्टोन्सनीही जून २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमची मैफल सुरू व्हायला काही तास उरले असताना रद्द केली, त्यांचा गायक मिक जॅगरला कोविड झाल्यामुळे.

म्हणून एका मैफलीसाठी कधीही निघू नये. एकाच आठवड्यात दोन-तीन नावं जुळतील अशी तारीख शोधावी. ‘अखेरचा दौरा’ अशी जाहिरात असेल तर त्यातली सगळ्यात शेवटची रात्र टाळावी, भावना कितीही ओढ घेवोत. दौऱ्याच्या पहिल्या एक तृतीयांश भागात गळा ताजा असतो, वाद्यमेळ बसलेला असतो आणि थकवा साचलेला नसतो. दौऱ्यातली अगदी पहिली रात्रही मी सोडून देतो. त्या रात्री ध्वनियंत्रणेवरची माणसं हॉल समजून घेत असतात.

मैफलींच्या तारखांमधल्या मोकळ्या दिवसांकडेही लक्ष द्यावं. २००५ मध्ये क्लॅप्टन, जॅक ब्रूस आणि जिंजर बेकर यांचं क्रीम हे त्रिकूट अल्बर्ट हॉलमध्ये पुन्हा एकत्र आलं ते २, ३, ५ आणि ६ मे या चार रात्रींसाठी. मधली ४ तारीख रिकामी ठेवली होती. जॅक ब्रूसचं यकृत प्रत्यारोपण होऊन दोनच वर्षं झाली होती आणि जिंजर बेकरला सांधेदुखी होती, त्यामुळे ती सुट्टी गरजेचीच होती. त्याच ऑक्टोबरात न्यूयॉर्कला त्यांनी २४, २५, २६ अशा सलग तीन रात्री वाजवलं. त्या लंडनइतक्या जमल्या नाहीत असं जाणकार म्हणतात. वय झालेल्या गायकाच्या वेळापत्रकात एक दिवस गाणं, एक दिवस विश्रांती असं दिसलं तर खुशाल तिकीट काढावं. सलग तीन रात्री असतील तर पहिली धरावी, ती दौऱ्याचीच पहिली नसली तर.

तिकीट आणि व्हिसा यांचं गणित आपल्याला उलटं पडतं. तिकिटं कित्येक महिने आधी विक्रीला येतात आणि मोठ्या नावांची पहिल्या तासातच संपतात. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसाचा अर्ज मात्र प्रवासाच्या फार तर तीन महिने आधी करता येतो आणि निकालाला साधारण तीन आठवडे लागतात. म्हणजे व्हिसा हातात नसताना तिकीट घ्यावंच लागतं. ते घ्यावं, पण विमान आणि हॉटेल रद्द करता येण्याजोगं ठेवावं. पहिल्या झटक्यात तिकीट मिळालं नाही तरी चढ्या भावाच्या दलाल साइटवर उडी मारू नये. शेवटच्या आठवड्यात परत आलेली तिकिटं हॉलच्या स्वतःच्या साइटवर सुटी सुटी उगवतात. एकट्याने जाणाऱ्याला ती हमखास सापडतात, चौघांच्या कुटुंबाला नाही.

अल्बर्ट हॉलच्या तिकिटांत एक गंमत आहे. १८७१ मध्ये हॉल उघडला त्याआधी बांधकामाला पैसे कमी पडत होते, तेव्हा खुर्च्या शंभर पौंडाला एक या दराने ९९९ वर्षांच्या कराराने विकल्या गेल्या. आजही हॉलच्या सुमारे एक चतुर्थांश जागा अशा खासगी मालकीच्या आहेत. क्लॅप्टनच्या रात्री दलाल साइटवर अख्खे बॉक्स डोळे पांढरे करणाऱ्या भावाने दिसतात, त्यांतले बरेच या वाटेने आलेले असतात.

आता बसायचं कुठे. हॉल पाच हजारांहून थोडा मोठा आहे, पण लंबगोल आणि उंच असल्यामुळे मागचा माणूसही स्टेजपासून फार लांब जात नाही. तळाला सपाट अरेना, तिथे सुट्या खुर्च्या मांडतात. पैसेवाले इथे धावतात आणि पुढे उंच गोरा बसला की दीड तास त्याची मान बघत राहतात. अरेनाला वेढणारे स्टॉल्स चढते आहेत आणि तिथल्या खुर्च्या स्वतःभोवती फिरतात, त्यामुळे बाजूला बसूनही अंग स्टेजकडे वळवता येतं. मी डोळे झाकून स्टेजसमोरचे स्टॉल्स घेईन. ध्वनिमिश्रणाचं टेबल बहुधा अरेनाच्या मागच्या कडेला असतं, आणि तो माणूस जे ऐकून आवाज जुळवतो त्याच्या जवळात जवळचं ऐकू येतं ते इथे. त्यावर बॉक्सचे तीन थर आहेत. बॉक्समध्ये मागच्या रांगेतली खुर्ची मिळाली तर आवाज वरच्या मजल्याच्या बुडाला अडकतो, बास गुबगुबीत आणि शब्द अस्पष्ट. त्याहून वर सर्कल, स्वस्त आणि फार उभा उतार. गुडघे दुखणाऱ्या वडिलांना तिथे नेऊ नका. स्टेजच्या पाठीमागे कॉयरच्या, म्हणजे गायकवृंदाच्या, जागा असतात. आवाजाच्या दृष्टीने त्या वाईटच, कारण मुख्य स्पीकर पुढे तोंड करून असतात. मात्र ड्रमर आणि पियानोवाल्याचे हात इतक्या जवळून दुसरीकडे कुठे दिसत नाहीत. वाजवणाऱ्या माणसाने एकदा तरी तिथे बसावं.

हा हॉल पूर्वी प्रतिध्वनीसाठी बदनाम होता. घुमटातून आवाज फिरून परत यायचा. १९६९ मध्ये छताखाली फायबरग्लासच्या मोठ्या तबकड्या टांगल्या, त्यांना सगळे मशरूम म्हणतात, आणि तो दोष बराच आटोक्यात आला. २०१९ मध्ये चारशेहून जास्त स्पीकरांची नवी यंत्रणा बसली. तरीही ड्रमचा कडक फटका घुमटात थोडा रेंगाळतो. मोठ्या आवाजाच्या बँडला तो त्रास देतो, कमी आवाजात वाजवणाऱ्या म्हाताऱ्यांना उलट भरदारपणा देतो. लता मंगेशकर १९७४ मध्ये इथे गायल्या, तेव्हाही हॉल हाच होता, मशरूमंही हीच.

क्लॅप्टनच्या मैफलीला साडेसातच्या ठोक्याला आत असावं. आधी वाजवणारा कलाकार म्हणजे वेळकाढू असा समज इथे चालत नाही. गेल्या काही वर्षांत त्याच्या आधी अँडी फेअरवेदर लो वाजवतो, जो नव्वदच्या दशकात खुद्द क्लॅप्टनच्याच बँडमध्ये गिटारवर होता. मग मध्यंतर आणि मग क्लॅप्टन, कसलाही गाजावाजा न करता. तो बोलतही फारसा नाही.

मार्च २०२५ मध्ये त्याने ऐंशी पूर्ण केली. हातापायांच्या नसांचं दुखणं त्याने स्वतः २०१६ मध्ये जाहीर केलं होतं. ते लक्षात ठेवून मैफलीची मांडणी बघितली तर कारागिरी कळते. सुरुवात उभ्याने, इलेक्ट्रिक गिटारवर. मधला भाग खुर्चीत बसून, ॲकूस्टिक गिटारवर, आणि मग पुन्हा उभ्याने शेवट. बसलेल्या भागात पाठीला आणि पायांना आराम मिळतो, आवाजाची पातळी खाली येते, गळ्याला ओरडावं लागत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं की ही घरगुती बैठक खास आपल्यासाठी आहे. तो भागच मला सगळ्यांत आवडतो, आणि लोक नेमके तेव्हाच बिअर आणायला उठतात.

इलेक्ट्रिक भागात सोलो वाटून दिलेले असतात. एकट्याने पाच मिनिटं किल्ला लढवायचे दिवस गेले. डॉयल ब्रॅमहॉल दुसरी गिटार सांभाळतो, टिम कारमन ऑर्गनवर, आणि पियानोवर क्रिस स्टेन्टन, जो १९६९ मध्ये वुडस्टॉक महोत्सवात गायक जो कॉकर याच्याबरोबर वाजवला होता आणि क्लॅप्टनपेक्षा वयाने थोडा मोठाच आहे. त्याचा सोलो सुरू झाला की क्लॅप्टन मागे सरकून नुसते कॉर्ड देतो. ही विश्रांतीच, पण ऐकायला छान. त्याची स्वतःची वाक्यं आता आखूड झाली आहेत, मधल्या जागा वाढल्या आहेत. वेग कमी झाला म्हणून हळहळणारे भेटतात. ब्लूजमध्ये सूर वाकवून तो किती वेळ धरायचा यालाच किंमत असते, आणि ते त्याच्या बोटांत अजून पक्कं आहे.

सगळ्यांचं असं जमत नाही. वयाबरोबर स्वरतंतू पातळ आणि ताठर होतात, फुप्फुसात हवा कमी मावते, आणि वरचे सूर आधी जातात. सवाईच्या मंडपात उतारवयातले गवई ऐकलेल्यांना पट्टी उतरवणं नवं नाही. इथेही तेच करतात: गिटारच्या तारा अर्धा किंवा एक सूर खाली लावतात. त्याने गाणं थोडं जड आणि काळोखी वाटतं, तारा सैल झाल्याने गिटारचा टणत्कारही बदलतो. जे पट्टी उतरवत नाहीत ते वरची ओळ मागच्या गायिकांना देतात किंवा माइक प्रेक्षकांकडे वळवतात. सगळ्यात वाईट अवस्था ड्रमरची होते, कारण ते काम अंगमेहनतीचं. फिल कॉलिन्सने मार्च २०२२ मध्ये लंडनच्या ओटू अरेनात आपल्या जेनेसिस बँडची शेवटची मैफल खुर्चीत बसून गायली, ड्रमवर त्याचा मुलगा होता. कानांचंही तसंच. एसी/डीसी बँडच्या गायकाला, ब्रायन जॉन्सनला, २०१६ मध्ये ऐकू येईना म्हणून दौरा अर्ध्यावर सोडावा लागला, आणि खास कानातल्या यंत्राच्या आधाराने तो परत उभा राहिला.

डिलन ही वेगळीच जात. नोव्हेंबर २०२४ मध्ये, त्र्याऐंशीव्या वर्षी, तो याच अल्बर्ट हॉलमध्ये तीन रात्री गायला. ड्रमवर जिम केल्टनर, तोही ब्याऐंशीचा. पट्टीबिट्टीची भानगड तो ठेवतच नाही, गाण्याची चालच बदलून टाकतो. पियानोमागे बसलेला, उजेड मंद. ओळखीचं गाणं अर्धं झाल्यावर शब्दांवरून कळतं की हे ते. रेकॉर्डसारखं ऐकायचं असेल त्याने तिकडे फिरकू नये. त्याच्या मैफलीत फोन कुलूपबंद पिशवीत घालून परत आपल्याच हातात देतात. तिकीट फोनमध्येच असतं, म्हणून ते आधी दाखवायचं आणि आसन क्रमांक कागदावर लिहून घ्यायचा. वेगवेगळ्या दारांनी आत गेलेल्यांनी बाहेर कुठे भेटायचं तेही आधीच ठरवायचं. हॉलला बारा नंबरी दारं आहेत आणि गोल इमारतीभोवती माणूस शोधणं म्हणजे प्रदक्षिणा.

हायड पार्कबद्दल माझं मत थोडक्यात: नाव मोठं असलं तरी आवाज लहान. शेजारी मेफेअरची श्रीमंत वस्ती असल्याने आवाजावर मर्यादा आहे, आणि साडेदहाला मैफल संपलीच पाहिजे. १४ जुलै २०१२ ला ब्रूस स्प्रिंगस्टीन आणि पॉल मॅकार्टनी एकत्र गात असताना वेळ उलटून गेली आणि त्यांचे माइक बंद केले गेले. वारा फिरला की वरचे सूर इकडेतिकडे वाहून जातात. शंभर मीटर मागे उभं राहिलं तर आवाज पोहोचायला सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा लागतो, त्यामुळे पडद्यावरचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. मध्ये उभारलेल्या स्पीकरच्या खांबापुढे, पण त्याला चिकटून नव्हे, अशी जागा धरावी. दुपारीच जावं, टोपी आणि पातळ रेनकोट दोन्ही न्यावेत, गवतावर बसवत नसेल तर बसायची सोय असलेलं तिकीट काढावं. आठ तास उभं राहणं पंचविशीतल्यांचं काम, आणि इथे प्रेक्षकही साठीचेच असतात.

अल्बर्ट हॉलची मैफल बहुतेक दहा-साडेदहाला संपते आणि हजारो लोक एकदम साऊथ केन्सिंग्टनकडे वळतात. वीस मिनिटं पायऱ्यांवर रेंगाळावं, किंवा हॉलसमोरून जाणारी ९ किंवा ५२ नंबरची बस धरावी. त्या स्टेशनात पिकॅडिली लाइनच्या फलाटापर्यंत पायऱ्याविरहित वाट नाही, तेव्हा ज्येष्ठांना बसच बरी. हीथ्रोकडे राहिलेल्यांना पिकॅडिली लाइन थेट नेते. शुक्रवारी आणि शनिवारी ती रात्रभर चालते, टर्मिनल चार सोडून.