बुश मोजला तर बरोबर, बसवला तर बसेना

वर्कशॉपसाठी सीएनसी लेथ, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारं लेथ, घ्यायचं ठरलं तेव्हा मी सगळा हिशेब सायकल टाइमवर, म्हणजे एका नगाला लागणाऱ्या वेळेवर मांडला. साध्या लेथवर एका बुशला (शाफ्टवर बसणाऱ्या पोकळ नळकांड्याला) ११ मिनिटं, सीएनसीवर ३. उरलेली ८ आपलीच! हिशेब खोटा नव्हता, अर्धा होता. सेटिंग मी त्यात धरलंच नव्हतं. वीस नगांचा लॉट आला की जॉ (चकाचे नग पकडणारे जबडे) बदला, टूल लावा, एकेका टूलचा ऑफसेट (मशीनला द्यायचं टूलच्या जागेचं माप) घ्या, पहिला नग काढून मोजा, परत ऑफसेट मारा. सुरुवातीला यातच अख्खी सकाळ जायची, आणि शेजारी जुन्या लेथवर मामांचे चार नग तयार असायचे. मामा वडिलांच्या वेळेपासूनचे टर्नर. ते काही बोलायचे नाहीत, तेच जास्त लागायचं.

फाउंडेशन, लेव्हल, अर्थिंग, स्टॅबिलायझर ही कामं सांगितल्याप्रमाणे केली, त्यात काही अडलं नाही. प्रोग्रॅमिंगचीही उगाच भीती होती. टर्निंगला लागणारे रोजचे कोड आठवडाभरात पाठ होतात. जी०० म्हणजे टूलची मोकळी धाव, जी०१ म्हणजे फीडने सरळ कट, जी०२ आणि जी०३ गोलाईसाठी. फसवतो तो ठिपका. आमच्या कंट्रोलवर ५६ नंतर दशांशचिन्ह दिलं नाही, तर मशीन त्याला ५६ मिलिमीटर नाही, ५६ मायक्रॉन समजतं. मी एका ओळीत 'एक्स ५६' लिहिलं आणि ठिपका विसरलो. आदल्या दिवशी असाच प्रोग्रॅम नीट चालला होता, म्हणून सिंगल ब्लॉकसुद्धा (एकेक ओळ थांबत चालवायची सोय) लावला नाही. टूल धावत थेट सेंटरपर्यंत खाली आलं आणि पुढच्या ओळीला फीडने सरळ जॉबच्या तोंडात घुसलं. इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) गेला, होल्डरची सीट गेली, जॉब चकात तिरका झाला. टरेट (टूल धरणारा फिरता भाग) हलला होता, तो डायल लावून परत सरळ करण्यात दोन दिवस गेले. सिंगल ब्लॉकवर असतो तर टूल सेंटरशी येऊन थांबलेलं डोळ्यांना दिसलं असतं. तेव्हापासून नवा प्रोग्रॅम पहिल्यांदा जॉब न लावता, हवेत चालतो. घाई कितीही असो.

पण खरी जिरली ती बुशच्या लॉटमध्ये. पातळ भिंतीचा बुश, भिंत ३ मिलिमीटर, बोअर (आतलं भोक) ५० एच७. म्हणजे ५०.००० ते ५०.०२५, फक्त २५ मायक्रॉनची मोकळीक. बोअर डायलने (भोक मोजायच्या गेजने) मोजला तर पठ्ठ्या बरोबर मध्यावर. फिरवून मोजला, तरी तेवढाच. पूर्ण लॉट काढला. बसवायला गेलो तर शाफ्ट आत जाईना. शाफ्ट मोजला, तोही बरोबर. मी मायक्रोमीटर बदलून पाहिला, मग बोअर डायलवर संशय घेतला, मग इन्सर्टवर.

मामांनी एक बुश उचलला. जरा बारीक मँड्रेलला (गोल दांड्याला) पातळ निळं (कुठे टेकतं ते दाखवणारा रंग) लावून तो त्यावर फिरवला आणि आतली बाजू मला दाखवली. निळ्याचे तीनच पट्टे उमटले होते, सारख्या अंतरावर.

"तीनकोनी झालाय," मामा म्हणाले. "चकात गोल होता, सोडल्यावर फुगला."

तीन जॉ भिंत आत दाबतात. त्या दाबलेल्या स्थितीत मशीन बोअर अगदी गोल काढतं. पकड सुटली की जॉखालची भिंत बाहेर येते. जॉच्या बरोबर समोर मात्र दोन जॉमधला भाग असतो आणि तो आत आलेला असतो. त्यामुळे दोन टोकांनी मोजणारं गेज कसंही फिरवा, माप तेवढंच दाखवतं.

"तुम्ही लेथवर करता तेव्हा का होत नाही?"

"शेवटच्या कटाआधी चकाची चावी जरा ढिली करतो ना."

"मग हे आधी सांगितलं का नाहीत, मामा?"

"तू विचारलंस कुठे?"

ते ना ड्रॉइंगवर होतं, ना प्रोग्रॅममध्ये. हायड्रॉलिक चक मात्र पहिल्या कटाला जेवढा आवळतो तेवढाच शेवटच्या कटाला.

मग बुशच्या बाहेरच्या मापाला बोअर करून रुंद सॉफ्ट जॉ (कापून आकार देता येणारे मऊ जबडे) बनवले, म्हणजे पकड तीन ठिकाणी न पडता सगळीकडे पसरते. रफिंग (सुरुवातीचे जाड कट) पूर्ण प्रेशरवर, मग सोडून कमी प्रेशरवर परत धरायचं आणि फिनिशिंग. प्रेशर कमी केलं की आरपीएमही आवरावे लागतात, कारण वेगात जॉ बाहेर ओढले जातात आणि पकड आणखी ढिली पडते. जी९६ (कटिंग स्पीड कायम ठेवणारा कोड) लावलेला असेल तर व्यास कमी होईल तसे आरपीएम आपोआप चढतात: मिनिटाला १८० मीटरच्या कटिंग स्पीडला ६० मिलिमीटरवर साधारण ९५५, आणि फेसिंग करत १० मिलिमीटरवर आलात की ५७०० च्या वर. म्हणून जी५० ने कमाल मर्यादा घालायची. सायकल टाइम तीनाचा जवळपास पाच झाला. रिजेक्शन थांबलं.

सेटिंग शीटवर आता चक प्रेशरचा वेगळा रकाना आहे. तो मामा स्वतः भरतात, पेन्सिलने, कारण लॉटागणिक खोडावं लागतं. स्क्रीनला ते अजूनही हात लावत नाहीत. दुरुस्तीचा एकच शाफ्ट आला तर मी प्रोग्रॅम लिहीत बसत नाही, तो जुन्या लेथवरच जातो.